घोड्यावर बसू नका

सिनेमात करिअर कसे करावे यावर सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. सल्लाही बहुतेक वेळा एकच असतो: नोकरीबिकरीच्या भानगडीत पडू नकोस, सगळे सोड, मुंबई गाठ, अंधेरीत चौघांत एक खोली घे, वर्सोव्याच्या आराम नगरात फोटो घेऊन दारोदार फिर, एक ना एक दिवस ब्रेक मिळेलच. (ज्या वस्तीत इतकी माणसे इतकी वर्षे बेआराम फिरतात तिचे नाव आराम नगर असावे, हा योग कुठल्याही पटकथाकाराला सुचला नसता.) या सल्ल्यात खोट एवढीच आहे की तो पुराव्याला उतरत नाही. मराठी माणसांनी केलेल्या सिनेमाचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास चाळून पाहिला, तर या धंद्यात शिरण्याचा सर्वांत खात्रीचा रस्ता भलत्याच कुठल्यातरी खात्याच्या हजेरीपटावरून जातो असे दिसते. जो तो सांगतो, 'अमक्याने नोकरी सोडली आणि मग तो मोठा झाला.' या वाक्यातला पूर्वार्ध लोक नीट ऐकत नाहीत. नोकरी सोडायची तर आधी ती लागलेली असावी लागते.

सिनेमाबद्दल डोके थंड ठेवून बोलायचे असेल तर जिथे सिनेमा बनत नाही अशा गावाच्या पारावर बसून बोलावे, म्हणून होसकोटे. बंगळुरूच्या पूर्वेला, जुन्या मद्रास रस्त्यावर, पंचवीस-तीस किलोमीटरवरचे हे गाव. कानडीत होस म्हणजे नवा आणि कोटे म्हणजे कोट, आणि हा 'नवा' कोट शहाजीराजांच्याही आधीचा आहे. शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळूर, कोलार, शिरे यांच्या जोडीने होसकोटेही होते, त्यामुळे मराठी माणसाने इथे अगदीच पाहुण्यासारखे अंग चोरून बसायचे कारण नाही. आज इथे मोठा तलाव आहे, अविमुक्तेश्वराचे देऊळ आहे, ऑनलाइन मागवलेल्या चपला-चार्जरांची अवाढव्य गोदामे आहेत, चेन्नईला जाणाऱ्या नव्या द्रुतगती महामार्गाचे तोंड आहे आणि रविवारी पहाटे मटण बिर्याणीसाठी लागणारी रांग आहे. शिवाय व्होल्वोचा कारखाना आहे. १९९८ पासून इथे ट्रक आणि २००१ पासून बस तयार होतात. म्हणजे पुण्याचा जो होतकरू नट शिवनेरीच्या व्होल्वोत बसून ऑडिशनला मुंबईला जातो, खिडकीला डोके टेकून भावी मुलाखतींची उत्तरे पाठ करतो, तो होसकोट्याच्या गाडीतूनच जात असतो. सिनेमाशी गावाचा संबंध एवढाच, असे कोणी म्हणेल. पण माझे म्हणणेच असे आहे की सिनेमाचा खरा संबंध बसशी आहे.

बंगळुरूत कुठल्याही कोपऱ्यातून शहराकडे निघालेल्या बसचा कंडक्टर दारात लोंबकळत 'मॅजेस्टिक, मॅजेस्टिक' असा पुकारा करतो. मॅजेस्टिक हे एका चित्रपटगृहाचे नाव. थिएटर इतिहासजमा झाले, पण त्याच्या परिसराला आणि शहरातल्या सर्वांत मोठ्या बसस्थानकाला ते कायमचे चिकटले. कागदोपत्री त्या स्थानकाला केंपेगौडांचे नाव आहे, पण कागदावर बसून कोणी प्रवास करत नाही. शेजारीच गांधीनगर, कन्नड चित्रपटांच्या निर्माते-वितरकांचा मोहल्ला. अशा शहरात एका कंडक्टरच्या डोक्यात सिनेमाचे खूळ शिरले तर दोष कोणाला द्यायचा? दिवसभर तो एका थिएटरचीच जाहिरात करत होता. शिवाजीराव गायकवाड हा १९५० साली बंगळुरूत जन्मलेला मराठी घरातला मुलगा, मूळ गाव जेजुरीजवळचे मावडी कडेपठार, वडील पोलीस खात्यात शिपाई. तो बंगळूर परिवहन सेवेत कंडक्टर झाला, नोकरी करता करता नाटकांतून कामे करू लागला, आणि त्याच्या बसचे चालक आणि मित्र राज बहादूर यांनी त्याला मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये जाण्यासाठी ढकलले, पैशाचीही मदत केली. के. बालचंदर यांनी त्याला तिथे हेरले आणि १९७५ च्या 'अपूर्व रागंगळ'मध्ये तो एका घराचे फाटक ढकलत पडद्यावर आला. आता हा मुलगा कोण ते सांगायची गरज उरली नसेल. २०२१ साली दिल्लीत दादासाहेब फाळके पुरस्कार घेताना रजनीकांतने ज्यांची आठवण काढली त्यांत गुरू बालचंदर आणि थोरला भाऊ यांच्या बरोबरीने तो बसचालक मित्रही होता. कोणत्याही अभिनेत्याच्या यशात चालकाचा हात असतो असे आपण मोघम बोलतो. इथे तो स्टिअरिंगवरचा हात होता.

लोक ही गोष्ट 'कंडक्टर असूनही' या शब्दांनी सुरू करतात. माझे म्हणणे, 'कंडक्टर होता म्हणून' असे म्हणून पाहा. भरलेल्या बसमध्ये कंडक्टरला जागा नसते, तरी सगळ्यांचे लक्ष त्याच्याकडेच असते. काखेत पैशांची पिशवी, एका हातात तिकिटांचे गठ्ठे, दुसरा हात छतावरच्या दांड्याला. ब्रेक लागला की बस थांबते आणि तो पुढे जातो, पण तिकीट मात्र सुटू द्यायचे नाही. मागच्या बाकापर्यंत आवाज गेला पाहिजे आणि तरी आपण ओरडतो असे वाटता कामा नये. सुटे नसलेल्या गृहस्थाशी भांडण एवढेच रंगवायचे की पुढच्या थांब्याआधी संपेल. आणि दर थांब्याला प्रेक्षक बदलतो. ही तालीम कुठली नाट्यसंस्था देईल? शिवाय तिकीट विकणे हे आपले काम नाही असा गंड पुढे आयुष्यात कधी होत नाही, हा या धंद्यातला सर्वांत मोठा फायदा. याच रस्त्याने पुढे कोलारकडे गेले की २००१ साली बंद पडलेल्या सोन्याच्या खाणी लागतात, ज्यांच्या ढिगाऱ्यांवर उभा राहून 'केजीएफ'चा नायक यश २०१८ साली देशभर पोचला. त्या यशचे वडील काय करत होते? राज्य परिवहनाची बस चालवत होते. कर्नाटकाने एवढ्या पुराव्यानंतर चित्रपट खाते परिवहन मंत्र्यांकडे का दिले नाही, हे कोडेच आहे.

योगायोग म्हणून हे सोडून देता आले असते, पण मुळापासून बघायला गेले तरी तेच दिसते. दादासाहेब फाळके सिनेमाकडे आले तेव्हा त्यांच्या पाठीशी छायाचित्रकार, पुरातत्त्व खात्यातले नोकरदार, छापखानेवाले आणि जादूगार एवढे अनुभव होते. जादूचे प्रयोग ते आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने करीत. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी सिनेमात काम करतो म्हणून सांगायची लोकांना लाज वाटे. फाळक्यांनी तोड काढली: विचारले कोणी तर सांगा, आम्ही हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत. भारतीय सिनेमाचा जनकच ओळखून होता की पोराला मुलगी द्यायची तर लोक कारखाना विचारतात, कला नाही. त्या कारखान्यातल्या अडचणीही कारखान्यासारख्याच होत्या. स्त्रीभूमिका करणारे पुरुष मिशी उतरवायला तयार नव्हते, कारण वडील हयात असताना मिशी काढणे अशुभ. आणि राणी तारामती कुठे मिळाली? ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात स्वयंपाक करत होती. अण्णा साळुंके यांना तिथे महिना दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. भारतीय पडद्यावरची पहिली नायिका अशी पाच रुपयांच्या वेतनवाढीवर आली. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले. एका पगारात दोन माणसांचे काम काढून घेण्याची प्रथा आयटी कंपन्यांनी सुरू केली असे समजणाऱ्या बंगळुरूकर मराठी अभियंत्यांनी ही नोंद घ्यावी.

कोल्हापूरकडेही तीच कथा. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत होते. शांताराम वणकुद्रे हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये कामाला जात आणि संध्याकाळी तिथल्याच एका पत्र्याच्या थिएटरात पडेल ते काम करीत. प्रभातच्या भागीदारांत सीतारामपंत कुलकर्णी हे सराफ होते. जाता जाता आणखी एक गोष्ट सांगतो. सीमेवरून भांडताना दोन्हीकडच्या मंडळींना ती सोयीस्करपणे आठवत नाही. कन्नडमधला पहिला बोलपट 'सती सुलोचना' १९३४ साली बंगळुरूत झळकला, पण चित्रित झाला कोल्हापुरात, छत्रपती सिनेटोनमध्ये. बंगळुरूत तेव्हा बोलपटाचा स्टुडिओच नव्हता. आज कोल्हापूरची पोरे नोकरीसाठी बंगळुरूच्या गाडीत बसतात, तेव्हा बंगळुरूची माणसे कामासाठी कोल्हापूरची गाडी पकडत.

पण सर्वांत भक्कम पुरावा मागाल तर मी १९७५ चा 'सामना' पुढे करीन. नामावली वाचताना ती चित्रपटाची आहे की तालुक्याच्या गावातल्या आरोग्य शिबिराची, असा संभ्रम पडावा. निर्माते रामदास फुटाणे, जामखेडचे चित्रकलेचे शिक्षक. दिग्दर्शक जब्बार पटेल, दौंडचे बालरोगतज्ज्ञ. मास्तरांच्या भूमिकेत श्रीराम लागू, कान-नाक-घशाचे शल्यविशारद, ज्यांनी पुण्यापासून टांझानियापर्यंत लोकांचे घसे तपासले होते. साखरसम्राट हिंदूराव धोंडे पाटील झालेले निळू फुले पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. पटकथा विजय तेंडुलकरांची, म्हणजे वर्तमानपत्राच्या कचेरीत उमेदवारी केलेला माणूस. या मंडळींचा चित्रपट त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेला. यातल्या एकानेही 'मी लहानपणापासून फक्त सिनेमाचाच विचार केला' छापाचे आयुष्य काढलेले नव्हते, आणि 'सामना' बघताना ते जाणवते. कारखान्याच्या चेअरमनने समोरच्याचे दारूचे ग्लास कसे भरावेत, गुर्मी आवाज न चढवता कशी दाखवावी, हे साहेबांच्या बंगल्यांतली झाडे शिंपणारा माणूस चांगले ओळखतो. त्याने बागेतून आत पाहिलेले असते. मुंबईत स्टेट बँकेच्या काउंटरवर अशोक सराफ होते, बँक ऑफ इंडियात अमोल पालेकर, दात काढायला काशिनाथ घाणेकर. सत्तरच्या दशकातल्या मराठी माणसाला कर्जाचा अर्ज, घसादुखी किंवा अक्कलदाढ यांपैकी काहीही झाले तरी त्याची गाठ नटाशीच पडण्याचा संभव होता.

असे का व्हावे? लोक म्हणतात, अनुभव. अनुभव तर आराम नगरातही मिळतो, आणि तो काही कमी कडू नसतो. माझ्या मते कारण त्याहून रुक्ष आहे. सिनेमाचा धंदा मुळात थांबण्याचा धंदा आहे. प्रकाशासाठी थांबा, नायकाच्या तारखांसाठी थांबा, निर्मात्याच्या मेहुण्याला पटकथा आवडेपर्यंत थांबा. मालिकांत तर केलेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी येतात, आणि घरमालकाला हा नव्वद दिवसांचा हिशोब समजावून सांगणारा नट अजून जन्माला यायचा आहे. म्हणजे इथे टिकतो तो थांबणे परवडणारा. होसकोट्याच्या बिर्याणीची रांग बघा. भारतात पहाटे चारला आपखुशीने उठणारे वर्ग मोजकेच: दूधवाले, सिनेमाचे युनिट आणि होसकोट्याची मटण बिर्याणी खाणारे. अंधारात गाड्या लावून, मफलर गुंडाळून, माणसे तास-दीड तास उभी असतात. समोर लाकडाच्या धगीवरची पातेली, झाकण निघाले की वाफेचा एक ढग उठतो आणि रांग आपोआप दोन पावले पुढे सरकते. या रांगेत खरोखर उपाशी माणूस एकही नसतो. उपाशी माणसाने केव्हाच शेजारच्या गाडीवर इडली खाल्लेली असते. जो थांबतो तो पोट रात्रीच भरून आलेला असतो. दोन दिवस न जेवलेल्याला नळीचे हाड हवे की नको हे ठरवता येत नाही, आणि सहा महिने भाडे थकलेल्याला भूमिका चांगली की वाईट हे ठरवता येत नाही. पगार ज्याच्या खात्यावर येतो तो या धंद्यातला सर्वांत महागडा शब्द उच्चारू शकतो: नाही.

याला पुष्टी देणारी आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून आपण उगाच जुन्या काळाचे उमाळे काढतो. स्टुडिओंच्या जमान्यात सिनेमा हीच नोकरी होती. प्रभातमध्ये महिन्याचा पगार होता, वेळेवर यावे लागे, काम नसले तरी आवारात हजर राहावे लागे. दुर्गा खोटे १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त तारामती झाल्या त्या हौसेने नव्हे. घरची घडी विस्कटली होती आणि सुशिक्षित, खानदानी बाईला कमाई करणे भाग होते. साळुंक्यांची तारामती आणि दुर्गाबाईंची तारामती यांत वीस वर्षे गेली, पण दोघींनाही राणीपद पगारावरच मिळाले. मग स्टुडिओ बुडाले, पगारपत्रके गेली, आणि प्रत्येक माणूस आपापल्या जबाबदारीवर कलावंत झाला. जो पगार पूर्वी धंदा देत असे, तो आता माणसाने बाहेरून आणायचा असतो. बँक, दवाखाना, परिवहन खाते यांनी पुढची चाळीस वर्षे मराठी रंगभूमीला आणि सिनेमाला जेवढे अनुदान दिले, तेवढे कुठल्या सरकारने दिले नसेल. फक्त त्यांना स्वतःला ते माहीत नव्हते. मस्टरवर सही करून तालमीला पळालेल्या कारकुनांचा खर्च त्यांनी 'इतर' या सदरात टाकला असणार.

आता आक्षेप. पहिला आक्षेप रोमँटिक आहे: दोर कापल्याशिवाय कोंढाणा सर होत नाही, फाळक्यांनी तर विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या. खरे आहे. पण पॉलिसी गहाण टाकायला आधी पॉलिसी असावी लागते, आणि तिचे हप्ते प्रोफेसर केल्फाच्या टोपीतून निघाले नसणार. दुसरे असे की, दोर फाळक्यांनी कापले तेव्हा खाली सरस्वतीबाई उभ्या होत्या. दागिने त्यांचे गेले, युनिटच्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांनी केला, रात्री फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे कामही त्यांनीच केले. 'सगळे सोडून' सिनेमा करणाऱ्या बहुतेक पुरुषांच्या चरित्रात, बारीक टाइपात, कुठेतरी एक न सोडणारी बाई असते. तिच्या नावाचा पुरस्कार नाही. आणि एवढे करून फाळके १९४४ साली नाशकात गेले तेव्हा त्यांच्या हाती पैसा नव्हता. त्यांच्या धाडसापुढे मान लवते. भाच्याला मात्र हा मार्ग सुचवू नये.

दुसरा आक्षेप जरा हुशार माणसांचा आहे, आणि बंगळुरूत तो हमखास निघतो, कारण इथे संख्याशास्त्र शिकलेल्यांचा सुकाळ. ते म्हणतात, ही तर लॉटरी लागलेल्याची मुलाखत घेऊन लॉटरीचे गुण गाण्याची तऱ्हा झाली. कंडक्टर शेकडो होते, रजनीकांत एक झाला, उरलेल्यांचे काय? उत्तर सोपे आहे: उरलेले कंडक्टर राहिले. पहिल्या तारखेला पगार, सणाला उचल, पोरांची शाळा. सिनेमात न जमलेल्या कंडक्टरला आपण 'कंडक्टर' म्हणतो, 'अपयशी नट' म्हणत नाही. सगळे सोडून आलेल्याला मात्र न जमल्यास दुसरे नावच उरत नाही. दोन्ही रांगांत यशाची शक्यता सारखीच नगण्य आहे असे क्षणभर धरले, तरी हरल्यावर हातात काय उरते याचा हिशोब एका रांगेत लागतो आणि दुसऱ्या रांगेत लागत नाही. संख्याशास्त्रज्ञांनी या ठिकाणी चहा प्यावा.

तिसरा आक्षेप शिक्षणाचा. पुण्यात प्रभातच्याच जागेवर १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे, ती कशासाठी? कसब शिकवण्यासाठी, आणि ते ती उत्तम शिकवते. पण कसब आणि चरितार्थ यांची विद्यापीठे वेगळी. शिवाय तिथल्याही यशस्वी मंडळींची पाटी अगदीच कोरी नसते. कन्नड सिनेमाला १९७७ मध्ये 'घटश्राद्ध' देणारे गिरीश कासारवल्ली पुण्याला येण्याआधी मणिपालला औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन बसले होते. पदवी वापरावी लागली नाही, हे खरे. छत्रीचेही असेच असते.

चौथा आक्षेप मात्र माझा मलाच छळतो. स्टेट बँक ठरल्या वेळी बंद होत असे. कंडक्टरची पाळी संपली की बस आगारात आणि माणूस मोकळा. त्या मोकळ्या संध्याकाळी तालमी झाल्या, एकांकिका झाल्या, त्यातून नट झाले. आजची नोकरी संध्याकाळ परत करत नाही. व्हाइटफील्डला बसणाऱ्या मराठी अभियंत्याच्या लॅपटॉपात 'फायनल ड्राफ्ट सात' नावाची फाइल असते, पण साडेनऊला अमेरिकेचा कॉल असतो, शनिवारी डिप्लॉयमेंट असते, आणि रविवारी तो झोप काढावी की बिर्याणीला जावे या पेचात असतो. त्याला पगार बक्कळ मिळतो आणि संध्याकाळ मिळत नाही. म्हणजे अशोक सराफांच्या नेमके उलटे. इथे माझा सिद्धांत थोडा वाकवावा लागतो. नोकरी हवी, पण ती हलक्या वजनाची हवी. घरी येताना डोक्यात बसून येणारी नको. या दृष्टीने पाहिले तर सिनेमाचे भवितव्य त्या अभियंत्यापेक्षा होसकोट्याच्या गोदामात पाळीवर खोकी उचलणाऱ्या पोराच्या हाती जास्त सुरक्षित आहे. आठ तास भरले की त्याला कोणी विचारत नाही. आठ तासांत त्याने भारतातल्या लोकांनी मध्यरात्री एकटेपणी काय काय मागवले ते पाहिलेले असते. पटकथाकाराला याहून चांगली वाचनाची खोली कोणती मिळणार?

त्याने काय लिहावे तेही सांगतो, कारण होसकोट्याला स्वतःची एक पटकथा आहे आणि ती अडीचशे वर्षे निर्मात्याच्या शोधात आहे. ऑगस्ट १७६८. इंग्रज आणि हैदर अली यांचे पहिले युद्ध चालू आहे. गुत्तीचे मुरारराव घोरपडे इंग्रजांच्या बाजूने, आणि त्यांची मराठी छावणी होसकोट्याला. हैदरचे घोडदळ मध्यरात्री छावणीवर कोसळते. किर्र अंधार, आपला कोण नि परका कोण कळत नाही. अशा वेळी कुठलाही सरदार काय हुकूम देईल? घोड्यावर चढा. मुरारराव उलटा हुकूम देतात, तो इंग्रज इतिहासकार विल्क्स याने नोंदवून ठेवला आहे: कोणीही घोड्यावर बसायचे नाही, ज्याने त्याने आपापल्या घोड्याच्या तोंडाशी उभे राहायचे, म्हणजे जो स्वार दिसेल तो शत्रू. त्यात छावणीतला एक हत्ती जखमी होऊन सुटला, पायातली साखळी सोंडेत धरून गरगरा फिरवत हैदरच्या स्वारांत घुसला, आणि ते स्वार मागून येणाऱ्या आपल्याच पायदळावर उलटले. हल्ला फसला. रात्र, तंबू, घोड्यांचे श्वास, लगाम धरून निश्चल उभी माणसे, आणि मध्येच साखळीचा आवाज. यापेक्षा चांगले दृश्य कोणी लिहून दाखवावे. मुरारराव मला उगाच आवडत नाहीत. घोडा जवळ आहे, लगाम हातात आहे, घाई नाही, आणि अंधारात ऐटीत मिरवणारे आपोआप उघडे पडताहेत. सगळे सोडून आलेला माणूस सिनेमात पहिल्या दिवसापासून घोड्यावर बसूनच येतो. तो सगळ्यांना दिसतो.

ही कथा घेऊन गोदामातला तो पोरगा सुटीच्या दिवशी गांधीनगरात किंवा अंधेरीत नॅरेशनला गेला की काय होईल, ते आजच सांगता येते. निर्माते पहिली दहा मिनिटे फोनवर बोलतील. मग हत्ती ऐकून खूश होतील. नंतर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी आठवून उदास होतील आणि हत्ती संगणकावर करू म्हणतील. मग पाय लांब करून विचारतील, 'सगळे ठीक आहे, पण क्लायमॅक्सला हिरो घोड्यावर का नाही?' पोरगा सांगेल की गोष्टच ती आहे. ते म्हणतील, पोस्टरवर काय लावायचे, लगाम? घोड्यावर बसव, उद्या साइनिंग अमाउंट घेऊन जा. तो जरा वेळ खिडकीबाहेर बघेल, वही मिटेल, चहाबद्दल आभार मानेल आणि निघेल. त्याची सकाळची पाळी सहाची आहे. होसकोट्याची शेवटची बस चुकवून चालायचे नाही.